प्रॉक्सीवर लॉगिन झालेल्या यूजरचं नाव नोटबुकच्या कर्नलपर्यंत कसं न्यायचं

तुमची मांडणी मला अशी कळली: लॉगिन रिव्हर्स प्रॉक्सीवर (सर्व्हरच्या पुढे राहून रिक्वेस्ट आत पाठवणारी व्यवस्था) होतं, प्रॉक्सी एक्स-रिमोट-यूजर हेडर (रिक्वेस्टला जोडलेली माहितीची ओळ) लावून रिक्वेस्ट ज्युपिटर सर्व्हरकडे (ब्राउझरमध्ये कोडच्या नोटबुक चालवणारा सर्व्हर) पाठवते, आणि नोटबुकच्या सेलमध्ये, म्हणजे कोडच्या चौकटीत, तेच नाव वाचून डेटाबेसची क्वेरी त्या माणसापुरती मर्यादित करायची आहे. हेडर सेलमध्ये सापडणार नाही. ब्राउझर सर्व्हरशी वेबसॉकेटवर बोलतो, सर्व्हर कर्नलशी (सेलमधला कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग) झिरोएमक्यू या मेसेजिंग लायब्ररीवर. कर्नल ही वेगळी प्रोसेस, एचटीटीपी तिच्या गावीही नाही.

नाव द्यायचं ते कर्नल सुरू होताना, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोसेसला सुरू होताना मिळणारी नाव-किंमत जोडी; अशा सगळ्या जोड्या मिळून एन्व्ह). ज्युपिटर सर्व्हर 2 असेल तर आयडेंटिटी प्रोव्हायडरचा (यूजर कोण ते ठरवणारा भाग) स्वतःचा क्लास लिहून हेडरवरून यूजर ठरवा आणि कर्नल मॅनेजरची कर्नल सुरू करणारी मेथड ओव्हरराइड करा. तिथे रिक्वेस्ट हाताशी नसते, म्हणून बरेचजण अडकतात. पण कॉल-कॉन्टेक्स्टमधून (चालू रिक्वेस्टची माहिती धरून ठेवणारी सोय) चालू हँडलर, म्हणजे ती रिक्वेस्ट हाताळणारा ऑब्जेक्ट, मिळतो. त्याच्याकडून यूजर घ्या. एन्व्ह देताना आधीच्याची प्रत काढून तिच्यात भर घाला. नुसतं एक व्हेरिएबल दिलंत तर पाथसकट बाकी सगळं उडतं.

व्हॉयला (नोटबुक वेब-अ‍ॅपसारखी दाखवणारं साधन) वापरत असाल तर काम सोपं आहे, कुठले हेडर कर्नलच्या एन्व्हमध्ये उतरवायचे ते कॉन्फिगमध्येच सांगता येतं. मात्र प्रीहीट चालू असेल तर कर्नल यूजर येण्याआधीच उठून बसलेला असतो, मग एन्व्हमध्ये नाव कुठून येणार? ज्युपिटरहबवर (अनेक यूजरना ज्युपिटर पुरवणारी व्यवस्था) तर यातलं काहीच करू नका. तिथे प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा, आणि 'ज्युपिटरहब अंडरस्कोर यूजर' हे व्हेरिएबल कर्नलला आयतं मिळतं.

आता खरी मेख. एन्व्हमधलं नाव ही नुसती चिठ्ठी आहे, पुरावा नव्हे. सेलमध्ये एक ओळ लिहून कोणीही ते बदलू शकतो. लॉग, डॅशबोर्ड, 'नमस्कार अमुक' एवढ्यासाठी ठीक; पण त्यावर क्वेरी मर्यादित करणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. डेटाबेसपुढे एखादी सर्व्हिस ठेवा आणि तिला सही केलेलं, अल्पमुदतीचं टोकन (ओळख पटवणारा डिजिटल परवाना) तपासू द्या. हब असेल तर हे टोकन कोणाचं, असं सर्व्हिस थेट हबला विचारू शकते.

बरं, टोकनसुद्धा एन्व्हमध्ये कोंबू नका. एक तर कर्नल दिवसेंदिवस चालतो आणि टोकन तासाभरात शिळं होतं. दुसरं म्हणजे, लिनक्सवर सगळे कर्नल एकाच खात्याखाली चालत असतील तर एकाच्या सेलमधून प्रॉक फोल्डरमध्ये (चालू प्रोसेसची माहिती जिथे दिसते) डोकावून दुसऱ्याचं एन्व्ह बहुतेक वेळा सरळ वाचता येतं. तुमच्या वर्णनावरून सर्व्हर एकच आणि सामाईक दिसतोय, म्हणजे हे तुम्हाला लागू आहे. माझं ऐकाल तर आधी प्रत्येकाला वेगळं ओएस खातं किंवा कंटेनर (इतरांपासून वेगळं ठेवलेलं बंदिस्त वातावरण) द्या. बाकीची डोकेफोड त्यानंतर.

आणि प्रॉक्सीचं कॉन्फिग एकदा बघा: बाहेरून त्याच नावाचा हेडर आला तर ती तो पुसते का, आणि प्रॉक्सीला वळसा घालून सर्व्हरचा पोर्ट थेट उघडता येतो का.