डॉक्टरांची औषधाची ऑर्डर कळली नाही किंवा विचित्र वाटली, तर नर्सने काय करावं?

तू लिहिलंयस की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून तीन महिन्यांपूर्वी धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात लागलीस. रात्रपाळीला कधी अक्षर लागत नाही, कधी डोस भलताच वाटतो. विचारलं तर सर चिडतात, आणि सिनिअर म्हणतात, "दरवेळी देतो तसं दे ना."

मी सव्वीस वर्षं नागपुरात वॉर्डात काम करते आहे, आधी सरकारी, आता खासगी. माझी मुलगी तुझ्या वयाची आहे, म्हणून एकेरी बोलते.

शंका आली तर अंदाजाने औषध द्यायचं नाही, आणि मनानेच थांबवून बसायचंही नाही. पहिलं सगळे शिकवतात. दुसरं मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पावसाळा संपत आलेला, कपाशीवर फवारणीचे दिवस. २०१७ साली यवतमाळमधल्या फवारणीच्या विषबाधेची बातमी देशभर गेली, पण वॉर्डात असे शेतकरी आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून पाहत होतो. त्या रात्री आलेल्या माणसाच्या तोंडाला फेस होता, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, छातीत घरघर, अंग घामाने निथळत होतं. रेसिडेंट डॉक्टरांनी लिहिलं, अ‍ॅट्रोपिन १० अँप्यूल आयव्ही स्टॅट (म्हणजे विषावरचा उतारा, शिरेतून, ताबडतोब), आणि ते शेजारच्या वॉर्डात धावले. मला ठाऊक होतं ते ०.६ मिलिग्रॅमचं एक अँप्यूल, ऑपरेशनआधी देतात तेवढं. दहा? मला वाटलं, एकावर चुकून शून्य पडलं. मी इंजेक्शन न भरता सरांना शोधायला निघाले. त्यात पाच-सात मिनिटं गेली. ते परत धावतच आले आणि म्हणाले, "सिस्टर, यात छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं असतं. दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट." तो माणूस वाचला. पण ती पाच-सात मिनिटं मी अजून विसरलेले नाही. फोन उचलून दहा सेकंदांत विचारता आलं असतं, आणि बोलता बोलता हाताने अँप्यूल फोडायला घेता आले असते.

म्हणजे डोस वेगळा दिसला म्हणून तो चूकच असतो असं नाही. साप चावलेल्या पाच वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाइतक्याच प्रतिविषाच्या व्हायल लिहिलेल्या पाहून नवी मुलगी दचकते. तेही बरोबर असतं, कारण सापाने सोडलेलं विष पोराच्या वजनावर ठरत नाही. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एकूण १४ ग्रॅम देतात, ४ शिरेतून आणि ५-५ दोन्ही कुल्ल्यांत. ऐकायला भयंकर वाटतं. तिथे आपलं काम वेगळं आहे. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वास आणि लघवी बघायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं.

आता उलटी बाजू. एका हॉस्पिटलात (नाव सांगत नाही) ड्रग चार्टवर इन्सुलिन ४ लिहून पुढे युनिटसाठी इंग्रजी यू काढला होता. तो वरून मिटलेला, अगदी शून्यासारखा. माझ्या जोडीच्या सिस्टरने ४० वाचलं. मी शेजारी उभी होते. १ मिलिलिटरची सिरिंज काठोकाठ भरलेली दिसली तेव्हा खटकलं, कारण आमच्याकडे इन्सुलिनची इतकी भरलेली सिरिंज क्वचितच दिसते. रात्री दोनला फोन केला. सर वैतागले, "चार गं, चार!" म्हणाले आणि ठेवून दिला. त्या आजींची शुगर तेव्हा १६० होती. चाळीस युनिट गेले असते तर सकाळी त्या उठल्याच नसत्या. त्यानंतर मी कुठल्याही नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगते, "सर, युनिट पूर्ण शब्दात लिहा." तसंच ०.५ मधला आधीचा शून्य हवा आणि ५.० मधला मागचा नको. टिंब पुसलं की पाचाचे पन्नास होतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच आपल्या नियमात घातलं आहे की औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. तेव्हा "सर, जरा परत लिहून द्याल का" हे विचारताना तू त्यांचा अपमान करत नाहीस.

अर्धवट ऑर्डर मला चुकीच्या ऑर्डरपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. "केसीएल १ अँप्यूल आयव्ही", म्हणजे पोटॅशियम क्लोराइड शिरेतून, बस. कशात घालून? किती वेळात? १० मिलिलिटरच्या त्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. ते सलाईनमध्ये नीट मिसळून, कित्येक तासांत जायला हवं. सिनिअर म्हणाली, "पाचशेमध्ये घालतोच आपण," तरी चार्टवर लिहून घे. सवयीवर चालणारा वॉर्ड सवय माहीत नसलेल्या नव्या मुलीच्या हातून चुकतो. मेथोट्रेक्सेटचंही असंच. सांधेवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदा असते. सांधेवाताच्या पेशंटच्या चार्टवर रोजची दिसली तर पहिला डोस देण्याआधीच विचार.

विचारण्याची पद्धत तू म्हणतेस तितकी अवघड नाही, पण तयारी लागते. "सर, हे बरोबर आहे का?" असं विचारलं की समोरच्याला वाटतं आपली परीक्षा चालली आहे. त्यापेक्षा पेशंटपासून सुरू कर. "सर, बेड नंबर सातचे काका. पल्स ५२ आहे, मी पूर्ण मिनिट मोजली. डिगॉक्सिन आत्ता ड्यू आहे. देऊ की थांबवू?" डिगॉक्सिनने नाडी आणखी मंदावते, म्हणून हा प्रश्न. यावर चिडणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले. फोन करण्याआधी पेपर, चार्ट, शेवटचे रिपोर्ट, वजन आणि अ‍ॅलर्जी समोर असू दे. तिसऱ्या प्रश्नाला आपण "बघून सांगते सर" म्हणालो की ते चिडतात, आणि तेव्हा त्यांचं काही चूक नसतं.

फोनवरची ऑर्डर आली की लिहून घे आणि लिहिलेलं वाचून दाखव, पेशंटच्या नावासकट. आकडा फोडून सांग. "फिफ्टीन, एक पाच?" आपल्याकडे डॉक्टर हिंदीत बोलतात, आपण मराठीत, आकडा इंग्रजीत, आणि मागे लिफ्टचा आवाज. जमलं तर दुसऱ्या सिस्टरलाही ऐकव. सकाळच्या राउंडला सही घ्यायला विसरू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चार्टवर चढव. मोबाइलमधली ऑर्डर पुढच्या पाळीला दिसत नाही.

आणि विचारूनही "सांगितलं तेवढं कर" असं उत्तर आलं, तुझी शंका मात्र तशीच राहिली, तर? इन्चार्ज सिस्टरला उठव, मग आरएमओ (हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर), मग दुसरे कन्सल्टंट. रात्र असली तरी. तोवर पेशंटजवळ कोणीतरी थांबायला हवं. सरांना शांतपणे म्हण, "सर, मला हे द्यायची भीती वाटते, तुम्ही येऊन स्वतः द्याल का?" मी हे तीनदा म्हटलं आहे. दोनदा ऑर्डर बदलली. एकदा सरांनी येऊन स्वतः दिलं, का ते मला समजावलं, आणि ते बरोबर होते. नर्सेस नोट्समध्ये वेळ, काय विचारलं, काय सांगितलं गेलं, पेशंटची स्थिती, एवढंच लिही. "डॉक्टरांनी ऐकलं नाही" असली वाक्यं नको.

आज ड्यूटीवर गेलीस की आधी एक बघ. फ्रिजमधली इन्सुलिनची व्हायल ४०ची आहे की १००ची (एका मिलिलिटरमध्ये तितके युनिट), आणि ट्रेमधल्या सिरिंजचं टोपण लाल आहे की केशरी. लाल ४०ची, केशरी १००ची. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला पंचवीस युनिट जातात. दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये सापडले तर तिथल्या तिथे वेगळे कर आणि इन्चार्जना दाखव.