हीलियमच्या गणितातला हरवलेला एक एमईव्ही

प्रश्न : हीलियम-४ची बंधनऊर्जा (केंद्रकातले कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) काढताना दोन प्रोटॉन (प्रत्येकी १.००७२७६ यू, म्हणजे अणुवस्तुमानाची एकके) आणि दोन न्यूट्रॉन (प्रत्येकी १.००८६६५ यू) यांच्या बेरजेतून ४.००२६०३ यू वजा केले आणि फरकाला ९३१.५ ने गुणले (१ यू = ९३१.५ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट). उत्तर २७.२७ एमईव्ही आले, पुस्तकात २८.३० आहे. गुणाकार तीनदा तपासला. चूक कुठे आहे?

उत्तर : गुणाकार बरोबरच आहे, घोळ वजाबाकीत आहे. ४.००२६०३ हे हीलियमच्या *अणूचे* वस्तुमान आहे, केंद्रकाचे नव्हे. तक्त्यांमध्ये सहसा अणूंचीच वस्तुमाने छापतात, इलेक्ट्रॉन धरून. तुमच्या बेरजेत इलेक्ट्रॉन एकही नाही आणि वजा केलेल्या आकड्यात मात्र दोन आहेत. एका इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ०.०००५४९ यू, म्हणजे ०.५११ एमईव्ही. दोघांचे मिळून १.०२२. हाच तुमचा हरवलेला एमईव्ही.

सोपा उपाय असा, की प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचा अख्खा अणू घ्यायचा :

२ × १.००७८२५ + २ × १.००८६६५ = ४.०३२९८० यू
४.०३२९८० − ४.००२६०३ = ०.०३०३७७ यू
०.०३०३७७ × ९३१.५ = २८.३० एमईव्ही

आता दोन्ही बाजूंना दोन-दोन इलेक्ट्रॉन आहेत, ते आपोआप कटतात. इलेक्ट्रॉन अणूत बांधलेले असतात, त्या ऊर्जेचे काय, अशी शंका येईल आणि ती रास्त आहे. हीलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ७९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. २८० लाखांच्या हिशेबात ७९ खुशाल सोडून द्या.

दशांश स्थळे मात्र सोडू नका. हेच गणित तीन स्थळांवर केले तर वस्तुमानातली तूट ०.०३१ यू येते आणि उत्तर २८.९. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असल्यामुळे शेवटचे आकडेच सगळे ठरवतात. ट्रिटियमच्या (हायड्रोजन-३च्या) बीटा क्षयात केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून हीलियम-३ तयार होतो; तिथे तर ३.०१६०४९ मधून ३.०१६०२९ वजा करायचे असतात. चार स्थळांवर थांबलात तर उत्तर शून्य, सहा स्थळांवर ०.००००२० यू, म्हणजे सुमारे १८.६ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट.

प्रश्न : मग पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण धनभारित कण) बाहेर पडणाऱ्या क्षयात १.०२२ वेगळे वजा का करतात? तिथेही अणूचीच वस्तुमाने घेतली तर?

उत्तर : तिथे इलेक्ट्रॉन कटत नाहीत, म्हणूनच. पेट स्कॅनमध्ये वापरतात ते फ्लोरिन-१८ घ्या. त्याच्या अणूत ९ इलेक्ट्रॉन, तयार होणाऱ्या ऑक्सिजन-१८ मध्ये ८. म्हणजे एक इलेक्ट्रॉन उरतो, शिवाय एक पॉझिट्रॉन नव्याने तयार होतो. दोघांचे वस्तुमान या फरकातूनच भागवावे लागते. १८.०००९३८ − १७.९९९१६० = ०.००१७७८ यू, म्हणजे १.६५६ एमईव्ही. त्यातून १.०२२ गेले की ०.६३४ उरतात. ही पॉझिट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा. प्रत्यक्षात बहुतेक पॉझिट्रॉन यापेक्षा कमी ऊर्जेने निघतात, कारण सोबत बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनो या अतिहलक्या कणालाही वाटा जातो. बीटा-ऋण क्षयात (ट्रिटियमसारख्या, इलेक्ट्रॉन बाहेर पडणाऱ्या) मात्र नव्या अणूला एक इलेक्ट्रॉन जास्तच लागतो, तो बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनने हिशेबात भरून निघतो. म्हणून तिथे अणूंच्या वस्तुमानांची सरळ वजाबाकी पुरते.