कॉलेज फुटबॉलचं रिक्रूटिंग (संघांची खेळाडूभरती) बघायला लागलास? आधी पोर्टल बघ

शाळकरी पोरांच्या फाइव्ह-स्टार (सर्वोच्च मानांकनाच्या) याद्या पाठ करत बसू नकोस. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा खरा बाजार आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत भरतो. २०२१ पासून खेळाडू जाहिरातींतून कमावतात; जुलै २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सगळे खेळ मिळून कमाल सुमारे २.०५ कोटी डॉलर. मग अठरा वर्षांच्या पोराला घडवत कोण बसणार? तयार क्वार्टरबॅकच (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) उचलतात. फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून इंडियाना विद्यापीठात आला (इंडियाना! ज्यांना कुणी विचारत नव्हतं) आणि २०२५ची हाइझमन ट्रॉफी (वर्षाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) घेऊन गेला. डिसेंबरात एखाद्या शाळकरी पोराची तुझ्या संघासाठी सही झाली म्हणून हुरळू नकोस, जानेवारीत पोर्टल उघडलं की संघाची यादी पुन्हा तपास. कुणाला किती मिळाले याचे आकडे बहुतेकदा एजंटच सोडतात, त्यावर वाद घालू नकोस.