पगार बघून नर्सिंगला जावं का? पुण्यात नर्सला नक्की किती मिळतं?

जा, पण आधी सरकारी आणि खाजगी पगारातली दरी समजून घ्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. केंद्राच्या एम्समध्ये तेच ४४,९००. खाजगीत मात्र सुरुवात बरीच खाली होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने ५० खाटांखालच्या रुग्णालयातही किमान २०,००० द्या असं सांगितलं होतं. त्याची अंमलबजावणी नीट झालेली नाही, हे संतापजनक आहे.

म्हणून ऑफर आली की बेसिक किती, पीएफ कापून हातात किती आणि नाईटचे वेगळे किती, हे लेखी घ्या. बाँडच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील तर देऊ नका, नोकरी बदलताना तिथेच अडकायला होतं.

जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग या पदवीला चार. जमत असेल तर बीएस्सीच करा, पुढे शिकवण्याची वाटही उघडते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच.

पैसा हे कारण चुकीचं नाही, घर चालवायचं असतं. पण पहाटे चारला सलाईन बदलताना शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं अंथरूण ओलं झालेलं असतं, तेही बदलावं लागतं. प्रवेशाआधी एखाद्या वॉर्डात दोन दिवस थांबून हे काम जवळून बघा.