पाय फेंगडे होतील का, त्याआधी हनुवटी बघा

"ताई, यात ठेवलं तर हिचे पाय फेंगडे होतील का?" खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. छातीशी बेबी कॅरियर, त्यात सात आठवड्यांची मुलगी. सासूबाई म्हणतात पाय वाकडे होणार, नवरा म्हणतो अंगावरची सवय लागणार. आठवडाभर घरात हाच विषय.

मी उत्तर दिलं नाही. माझं लक्ष मुलीवर होतं. पट्टे सैल, बाळ घसरून आईच्या पोटापर्यंत आलेलं, हनुवटी छातीला टेकलेली.

"आधी तिला बाहेर काढू या."

"अहो, पण आत्ताच शांत झोपली आहे."

हे 'शांत' मला नेहमी धास्तावतं. तान्ह्या बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, डोकं अंगाच्या मानाने जड. अजून मान धरलेली नसते. हनुवटी छातीवर दबली की हवेची वाट बारीक होते, आणि बाळाला ना मान उचलता येते, ना धड रडता येतं. बघणाऱ्याला ते झोपलेलंच वाटतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये कापडी स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या झोळीबद्दल, पालकांना सावध केलं, ते मुख्यतः चार महिन्यांखालच्या बाळांसाठीच. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा सर्दीने चोंदलेलं बाळ असेल, तर मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅरियर वापरू देत नाही.

त्यांचा चेहरा उतरला. मुलगी जागी होऊन मजेत हातपाय झाडत होती, हे बरं झालं. मग आम्ही आरशासमोर उभं राहून सगळं नव्याने बांधलं. बाळ उभं, पोटाला पोट. मान खाली केली की कपाळाचा पापा घेता यावा, इतकं वर. हनुवटीखाली दोन बोटं सहज जावीत. नाक-तोंड उघडं, कापडाआड नाही. पाठीला आधार असा, की हात लावून हलकेच दाबलं तर बाळ मुटकुळं होत नाही. "फार घट्ट होतंय का?" त्यांनी दोनदा विचारलं. नव्या आयांना सैल पट्टा मायेचा वाटतो, पण बाळ घसरतं ते त्यामुळेच.

आता पायांचं. पाय फाकवून बसल्याने फेंगडे होत नाहीत. उलट खुब्याच्या सांध्याला पहिल्या महिन्यांत तीच बैठक मानवते: मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, बेडकासारखे. नको असतं ते अरुंद पट्टीवर बसून पाय खाली लोंबकळणं. म्हणून विकत घेताना मी रंग आणि खिसे बघत नाही, बैठकीची रुंदी आणि किमान वजनाची सूचना बघते. वापरलेलं मिळालं तर शिवण आणि बकल ओढून बघते. तोंड बाहेर करून बसवायचं ते मान पक्की धरल्यावर, थोडा वेळ; डोळे मिटायला लागले की परत आपल्याकडे वळवायचं.

सवयीचं मी एका वाक्यात संपवलं: सात आठवड्यांच्या बाळाला कुशी हवी असते, त्याला लाड म्हणत नाहीत.

"पण ताई, हात मोकळे होतील म्हणून तर घेतलं. स्वयंपाक?"

"नाही. गॅसजवळ नाही, हातात गरम चहा असताना नाही. सायकलवर, गाडीत नाही. खाली पडलेलं उचलायचं तर गुडघ्यात वाकून, एक हात बाळाच्या पाठीशी. अंगावर पाजलंत, तर पाजून झाल्यावर पुन्हा वर घेऊन पट्टा आवळायचा. आणि कपडे एक थर कमी, तुमच्या अंगाची ऊब असतेच."

"मग उरलं काय?"

"चालणं. कपड्यांच्या घड्या. फोनवर मैत्रिणीशी बोलणं."

त्या पहिल्यांदाच हसल्या. जाताना दारात थांबल्या, दोन बोटं हनुवटीखाली घातली, मग बाहेर पडल्या.