गुडघा दुखतोय? आधी सीटची उंची बघा

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हल्ली नव्या सायकलस्वारांची बरीच पत्रं असतात. त्यांतल्या पाच जणांना इथं उत्तरं देते आहे.

प्रश्न : वय ४४, बँकेत नोकरी, राहायला जुळे सोलापुरात. दोन महिन्यांपूर्वी रोड बाईक घेतली. पहाटे तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येतो. परतताना वाटीभोवती दुखायला लागतं, जिना उतरताना कळ येते. घरचे म्हणतात, गुडघ्यातलं वंगण संपलं. सायकल विकून टाकू का?

विकू नका. वाटीभोवती दुखणं, जिना उतरताना कळ येणं, बराच वेळ बसून उठताना गुडघा धरल्यासारखा वाटणं, ही वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर ताण आल्याची लक्षणं आहेत. अशा दुखण्यात एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. वंगणाचा विचार सध्या डोक्यातून काढून टाका आणि सायकलीकडे बघा.

माझा पहिला संशय सीटवर आहे. आपण लहानपणी भाड्याच्या सायकलीवर शिकलो. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सायकल आपल्या मापाची, हे तेव्हापासून मनात बसलंय. रोड बाईकला हे माप चालत नाही. सीट बुटकी असली की पेडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा, तासभर. वाटी तक्रार करणारच. सीट योग्य उंचीवर असेल तर सात रस्त्याच्या सिग्नलला तुम्हाला सीटवरून पुढं उतरूनच पाय टेकवावा लागेल. चार दिवसांत त्याची सवय होते.

आज संध्याकाळी एवढं करा. नेहमीचे बूट घालून भिंतीला एक हात टेकवा आणि सीटवर बसा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. कंबर न कलता पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात हलका बाक उरतो, साधारण २५ ते ३५ अंश. मापानं खात्री करायची असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत शिंप्याच्या टेपनं मोजा. त्या आकड्याला ०.८८३ नं गुणा. ८० सेंटिमीटर आले तर ७०.६. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर, ही सुरुवात समजा. फरक मोठा निघाला तरी एकदम सीट उचलू नका. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, वायरिंगची चिकटपट्टी लावून जुनी खूण ठेवा, एका वेळी ५ मिलिमीटर वाढवा, दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचे ५. सीटपोस्टवर कोरलेल्या कमाल खुणेच्या वर मात्र जायचं नाही.

दुसरा संशय गिअरवर. नवा सायकलस्वार पुढची मोठी चकती सोडायला तयार नसतो, कारण जड पेडल दाबलं की व्यायाम झाल्यासारखा वाटतो. घड्याळ लावून १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. २० ते २२ आले तर उत्तम. पंधरा-सोळाच येत असतील तर गिअर जड आहे, हलका करा. पाय पटपट फिरू देत, दम थोडा जास्त लागला तरी चालेल. दोन महिन्यांत छातीचा दम वाढतो, पण गुडघ्याभोवतीच्या शिरा आणि कंडरा तयार व्हायला त्याहून जास्त वेळ घेतात. म्हणून दोन आठवडे अंतर निम्मं करा आणि तुळजापूरचा घाट अजून काही महिने राहू द्या.

घरी रोज जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला लावा आणि परत वर या. प्रत्येक पायानं दहा वेळा. गुडघा आत झुकू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. आरशासमोर केलंत तर लगेच कळेल.

प्रश्न : मी बांधकामं घेतो. व्हिडिओ बघून सीट एकदम इंचभर उचलली. पुढचं दुखणं गेलं, आता गुडघ्याच्या मागं ओढ बसते.

सीट जास्त वर गेली. पेडल खाली जाताना पाय पोचत नाही आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. कुणाला तरी मागून बघायला सांगा. तुमची कंबर डावी-उजवी हलत असेल तर ५-५ मिलिमीटरनं खाली या. ओळंबा तुमच्याकडे असणारच. क्रँक जमिनीला समांतर ठेवा आणि पुढच्या पायाच्या वाटीच्या लगेच खालून ओळंबा सोडा. दोरी पेडलच्या आसाजवळून गेली तर सीट पुढं-मागं साधारण बरोबर आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीचे, म्हणजे क्लीटचे बूट घेतल्यापासून डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं.

क्लीटनं पाऊल एका कोनात बांधून ठेवलंय आणि तो कोन तुझा नाही. टेबलाच्या कडेला बसून पाय मोकळे सोड. पावलं जेवढी बाहेर वळतात तेवढीच ती पेडलवर वळलेली असू देत. दोन्ही पाय सारखे असतीलच असं नाही, म्हणून डावी क्लीट उजवीची नक्कल करून बसवू नकोस. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्या टोकाच्या क्लीटला पाऊल वळायला ६ अंश मोकळीक असते, निळ्या टोकाच्या क्लीटला २ आणि लाल टोकाच्या क्लीटला शून्य. तुझ्या बुटाला लाल लागली असेल तर आधी ती बदल. नव्या माणसानं पिवळीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सुरू झाल्याचं सांगितलंय. तिला सायकल चालवायची हौस आहे, पण आम्ही थांबवलंय.

थांबवू नका, त्यांना चालवू द्या. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीट उचलते, सांधा हलता राहतो आणि मांडीला बळ येतं. सपाट रस्ता, हलका गिअर, सुरुवातीला पंधरा मिनिटं. त्यांच्यासाठी सरळ हँडलची सायकल बरी. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसेल तर वेळ वाढवत न्या. त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : आषाढीला गटाबरोबर सोलापूरहून मोहोळमार्गे पंढरपूरला सायकलनं जायचंय. जास्तीत जास्त ३० किलोमीटर केलेत, त्यातच गुडघा दुखतो. निघताना वेदनाशामक गोळी घेतली तर?

विठ्ठलाची ओढ मला कळते, तरी गोळी घेऊन निघू नका. वेदना दबली की गुडघा किती बिघडतोय ते कळत नाही. शिवाय अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, आणि आषाढात नैऋत्येकडून वारा सुटलेला असतो. जाताना तो समोरून आणि डाव्या बाजूनं लागेल. रस्ता सपाट असला तरी अशा वाऱ्यात तो चढासारखाच ताण देतो.

तीस दुखत असताना सत्तर करायचे नसतात. यंदा गटाबरोबर मोहोळपर्यंतच जा, तेही आधी न दुखता तीस पार पडले तरच, आणि तिथून बसनं पुढं. सायकल टेम्पोत चढवायची सोय आधीच सांगून ठेवा. आणि गुडघा सुजला, मध्येच अडकला, पाय टाकताना लचकून निसटला, लाल-गरम झाला किंवा रात्री झोपेतून उठवू लागला, तर पंढरपूरचा बेत बाजूला ठेवून त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.