माझ्या कादंबरीची नायिका एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक होते, हे वाचकांना पटेल का?

प्रश्न मी दोनदा वाचला. नायिका मराठी आईवडिलांची, जन्म न्यू जर्सीचा, शाळेत मुलांच्या संघात खेळते, मग कॉलेज, मग एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची पुरुषांची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, तिथे पास फेकून अख्खा संघ चालवणारी क्वार्टरबॅक, आणि शेवटच्या प्रकरणात सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना. पटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पटणार. पण मला राग आला तो तुमच्या खालच्या ओळीचा: "बायकांचा व्यावसायिक फुटबॉल असं काही नसल्यामुळे तिला पुरुषांतच खेळावं लागणार."

मी ओहायोत बायकांच्या टॅकल, म्हणजे समोरच्याला पाडायच्या फुटबॉलच्या संघात चार सीझन लेफ्ट गार्ड होते, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभं राहून समोरच्यांना थोपवणारी. हेल्मेट, शोल्डर पॅड, अकराविरुद्ध अकरा, सगळं तेच. तेव्हा 'असं काही' आहे.

आधी तुमच्या कामाचं उरकते. बाईने एनएफएलमध्ये खेळू नये असा नियम नाही. हायस्कूल सुटून तीन वर्षं झाली की पात्र. पण आजवर एकही बाई तिथे सामना खेळलेली नाही. २०१३ मध्ये लॉरेन सिल्बरमन किकर म्हणून एनएफएलच्या विभागीय चाचणीला गेली, १९ आणि १३ यार्डांच्या दोन किक मारल्या आणि मांडीचा स्नायू धरून थांबली. कॉलेजात मात्र खऱ्या नोंदी आहेत. सारा फुलर ही व्हँडरबिल्टच्या सॉकर संघाची गोलकीपर. २०२० मध्ये कोविडमुळे किकर उरले नाहीत म्हणून तिला बोलावलं. नोव्हेंबरात खेळ सुरू करणारी एक किक (किकऑफ) आणि डिसेंबरात टेनेसीविरुद्ध एकेका गुणाच्या दोन किक (एक्स्ट्रा पॉइंट). २०२३ मध्ये हेली व्हॅन व्होरहिस शेनँडोआ विद्यापीठाकडून सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यांत मागे, म्हणून उतरली, पण तो डिव्हिजन तीनचा, खालच्या स्तराचा संघ. पैसे देणाऱ्या पुरुषांच्या संघात पहिली उतरली ती पॅट्रिशिया पॅलिंकस, १९७० मध्ये, ऑर्लँडो पँथर्सकडून. नवरा किक मारायचा आणि ही बॉल धरायची. पहिल्याच वेळी स्नॅप, म्हणजे मागे दिलेला बॉल, बिघडला आणि समोरच्या गड्याने तिला आडवं केलं. ती उठली आणि पुन्हा बॉल धरायला बसली.

म्हणजे किकर करा, निम्मे वाचक तरी मानतील. क्वार्टरबॅक नको. झालं तुमचं उत्तर.

आता त्या ओळीबद्दल. जेन वेल्टर २०१४ मध्ये टेक्सासात पुरुषांच्या इनडोअर संघात रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारी, होती, उंची पाच फूट दोन इंच. पुढच्या वर्षी तिला एनएफएलच्या ॲरिझोना कार्डिनल्सने सराव शिबिरात प्रशिक्षक म्हणून घेतलं. केटी सॉवर्स २०२० च्या सुपर बोलमध्ये फोर्टीनाइनर्सच्या प्रशिक्षकांत उभी होती. दोघी कुठून आल्या? बायकांच्या टॅकल फुटबॉलमधून, वर्षानुवर्षं मार खाऊन. आमच्या ओहायोतच टोलीडो ट्रूपर्स नावाचा बायकांचा संघ १९७१ पासून होता आणि लिंडा जेफरसन त्यांची हाफबॅक होती, तीही बॉल घेऊन पळणारी. आमची प्रशिक्षक तिचं नाव घरातल्या मोठ्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायची. तुमच्या कादंबरीत ह्यातलं कोणीच नाही, कारण तुम्ही शोधलंच नाही.

मी कशी पोचले ते सांगते. मी इस्लामपूरची. शाळेत कबड्डीत लेफ्ट कव्हर. अंगाने दांडगी, हे विशेषण मला घरात जन्मापासून चिकटलेलं. कोलंबसला नोकरीला आले तेव्हा वय ३१, वजन ९२ किलो. जिममधली एक बाई मला स्क्वॉट मारताना बघत होती. मला वाटलं, आता डाएटचं सांगणार. ती म्हणाली, "तू कुठल्या संघात आहेस?" आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या वजनाकडे कामाची वस्तू म्हणून पाहिलं. पुढच्या शनिवारी मी सरावाला गेले.

पहिला महिना वाया गेला तो कबड्डीमुळे. तिथे समोर माणूस आला की हात आपोआप पकडायला जातात. इथे ऑफेन्सने, म्हणजे बॉल असलेल्या बाजूने, पकडलं की होल्डिंगचा फाउल, पिवळा रुमाल पडतो आणि अख्खा संघ दहा यार्ड मागे. प्रशिक्षक माझ्या हातमोज्यांच्या मुठी टेपने बंद करायची, नुसत्या गुद्द्यांनी ब्लॉक कर म्हणायची. हात आत, कोपरं बरगड्यांना, कंबर खाली. जी खाली असते ती जिंकते, एवढं एकच तंत्र आहे गार्डचं. बाकी सगळं तेच, पन्नासदा, गुडघ्याला पट्टी बांधून.

पैशाचं सांगते, कारण तिथेच भांडण आहे. पहिल्या वर्षी मी ७५० डॉलर वर्गणी भरली. हेल्मेट वेगळं. बाहेरगावच्या सामन्याला पेट्रोल आपलं, आणि मैदानाचं भाडं काढायला आम्ही रविवारी गाड्या धुवायचो. क्वार्टरबॅक रोज अँब्युलन्सवर पॅरामेडिक, सेंटर एका शाळेत स्वयंपाकाला, राइट टॅकल ट्रक चालवायची. ऑफिसात सांगितलं तर एकाने विचारलं, "ते अंतर्वस्त्रांत खेळतात तेच ना?" २००९ मध्ये तशी एक लीग निघाली होती, तीच सगळ्यांना ठाऊक. त्याला मी सामन्याचं तिकीट विकलं. दहा डॉलर. आला नाही.

माझी ताई पुण्यात बँकेत अधिकारी होती. दुसऱ्या सीझनला ती आणि भावजी सहा आठवड्यांसाठी आले आणि मे महिन्यात एका बाहेरच्या सामन्याला मी दोघांना घेऊन गेले. तीन तासांचा रस्ता. आम्ही एकोणीसच जणी होतो, म्हणून मी ऑफेन्स आणि डिफेन्स दोन्हीकडे. त्यात पाऊस. ताई पत्र्याच्या बाकावर छत्री उघडून, पायाखाली वर्तमानपत्र घालून बसलेली. मध्यंतरात कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "अगं, तास झाला. तुझ्या हातात बॉल कधी येणार?"

मी म्हटलं, "येत नाही. गार्डच्या हातात बॉल येत नसतो."

"मग तू करतेस काय?"

ह्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता, हॉर्न वाजला.

चौथ्या क्वार्टरमध्ये आमची क्वार्टरबॅक पास फेकायला मागे गेली. माझ्या समोरची माझ्याहून वीस किलोंनी जड होती, तिच्या माउथगार्डमधून शिट्टीसारखा श्वास यायचा, तो मला अजून ऐकू येतो. मी तिला थोपवलं. मग मागून कोणीतरी ओरडलं आणि चिखलात माझ्या बुटापाशी काहीतरी तपकिरी घरंगळलं. कबड्डीत पडायचं कसं ते मला कोणी शिकवायला नको. मी बॉलवर पडले, गुडघे पोटाशी घेतले. वर एक, दोन, मग पाचसहा जणी. कोणाची तरी बोटं माझ्या कोपराखालून बॉल उकरत होती, एक नख मनगटात रुतलं. मी सोडला नाही. रेफरी वरून एकेकीला बाजूला करत आला आणि त्याने तो बॉल माझ्या पोटाखालून काढून घेतला, झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसा. दोन सीझनमध्ये माझ्या वाट्याला आलेला पहिला बॉल, जेमतेम दहा सेकंद.

मी उठून बाकाकडे पाहिलं. ताई नव्हती. पाऊस वाढला म्हणून गाडीत जाऊन हीटर लावून बसली होती. भावजींनी मोबाइलवर घेतलं, अकरा सेकंद, त्यातले नऊ सेकंद छत्रीची काडी. सामना आम्ही २७–६ हरलो.

रात्री ताईने आंबेहळद आणि तुरटी गरम करून माझ्या दंडांना लावली. दोन्ही दंड कोपरापर्यंत जांभळे होते. "मुका मार वाईट, थंडीत उसळतो," म्हणाली. लावता लावता हिशेब सुरू. वर्गणी इतकी, हेल्मेट इतकं, पेट्रोल इतकं. "पैसे देऊन मार खायला जातेस. ज्याचे पैसे मिळतात तो व्यवसाय. ज्याला पैसे द्यावे लागतात तो छंद. एवढ्यात एक भिशी झाली असती." मला त्या रात्री काही सुचलं नाही, चार वर्षांनी सुचतंय, म्हणून तुमच्या प्रश्नाखाली लिहिते. ताईला लिंक पाठवणारच आहे.

पहिली गोष्ट. अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळलेला पहिला नोंदलेला माणूस कोण? विल्यम हेफेलफिंगर, १२ नोव्हेंबर १८९२, पिट्सबर्ग, ५०० डॉलर. पैसे घेऊन खेळणं तेव्हा लाजिरवाणं मानत, म्हणून गुपचूप दिले. आणि जागा कुठली खेळायचा? गार्ड. टोपणनाव 'पज', म्हणजे गोलमटोल. त्या सामन्यात त्याने सुटलेला बॉल उचलून शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाऊन केला आणि संघ ४–० जिंकला. टचडाऊनला तेव्हा चारच गुण होते. ताई, गार्डच्या हातात बॉल कधी येतो ते कळलं? सुटल्यावर.

दुसरी. एनएफएल १९२० मध्ये आमच्याच ओहायोत, कॅन्टनला, एका मोटारीच्या शोरूममध्ये सुरू झाली, आणि त्या काळचे कित्येक खेळाडू आठवडाभर दुसरीकडे राबून रविवारी खेळायचे. त्यांना कोणी छंदी म्हणत नाही, संस्थापक म्हणतात.

तिसरी. ताई दर जानेवारीला पैसे भरून मुंबईत हाफ मॅरेथॉन धावते. मागच्या वर्षी गुडघ्याला पट्टी बांधून धावली. तिला कोणी विचारत नाही, पैसे देऊन दमायला कशाला जातेस.

आता जरा माझ्याविरुद्धचंही लिहिते, नाहीतर भावजी लिहितील. मी तेव्हा एच-वन-बी व्हिसावर होते; संघाने मानधन देऊ केलं असतं तरी दुसरीकडे कमवायची मला परवानगी नव्हती. म्हणजे ताईच्या व्याख्येत मी कधी बसलेच नसते. डावा गुडघा गेला म्हणून मी सोडलं, आणि विम्यातून सगळं सुटलं नाही. आमच्यातल्या दोघींना डोक्याला मार लागून महिनोन्‌महिने उजेड सहन होत नव्हता, ते कादंबरीत घालणार नसाल तर टॅकल दाखवूच नका. आणि मी एका संघापुरतंच बोलतेय. मोठ्या शहरांतल्या संघांचं बरं चालतं.

नायिका आज सोळा वर्षांची असेल तर तिचा खरा रस्ता टॅकलचा नाही, फ्लॅगचा आहे, हेही सांगायला हवं. कंबरेची पट्टी ओढायची, पाडायचं नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये मुलींच्या फ्लॅग फुटबॉलला हायस्कूलचा अधिकृत खेळ केलं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. मेक्सिकोची डायना फ्लोरेस फ्लॅगमध्ये क्वार्टरबॅकच आहे, २०२३ च्या सुपर बोलच्या जाहिरातीत अख्ख्या अमेरिकेने तिला पळताना पाहिलं. तुमच्या मुलीला शेवटच्या प्रकरणात ऑलिंपिकला न्या, कोणी हसणार नाही. मला तो खेळ आवडत नाही. पाच जणी, ब्लॉकिंग बंद, सेंटरसुद्धा पास झेलायला पळते. माझ्यासारखीला त्यात उभं राहायला जागा नाही.

म्हणून टॅकलच हवं असेल तर तिला गार्ड करा. शाळेत दांडगी म्हणून चिडवलेली, रविवारी गाड्या धुणारी, चार सीझनमध्ये दहा सेकंद बॉल मिळालेली. प्रकाशक ऐकणार नाही, क्वार्टरबॅकच मागेल, ठाऊक आहे मला. मग क्वार्टरबॅक ठेवा, पण तिच्यापुढे ज्या पाच जणी उभ्या असतात त्यांना निदान नावं द्या. लेफ्ट गार्डचं मी सुचवेन.